गडी तोच, सोंग नवं

डब्ल्यूडब्ल्यूई आणि तिच्यासारख्या कंपन्यांच्या कुस्तीवर या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: हे रेसलर आपलं पात्र बदलतात कसं, आणि एकाचं जमतं तिथे दुसऱ्याचं फसतं का? "हे सगळं खोटंच ना?" असं विचारणारीही पत्रं होतीच. निकाल आधी ठरलेला असतो, आपटणं खरं असतं. हा विषय इथेच संपला.

प्रश्न: लहानपणी रेसलरांची ट्रम्प कार्ड खेळताना सगळे छातीठोकपणे सांगायचे, की खरा अंडरटेकर मेला आणि कंपनीने दुसराच माणूस आणला. पुढे तो मोटारसायकलवर आला, मग पुन्हा काळ्या कोटात. माणूस नक्की एकच होता का? (सांगलीचे एक वाचक)

उत्तर: एकच. मार्क कॅलवे. पण अफवेला आधार होता. जानेवारी 1994 मध्ये रॉयल रंबल या वार्षिक कार्यक्रमात योकोझुना या रेसलरने त्याला शवपेटीत बंद केलं आणि तो काही महिने गायब झाला, कारण त्याच्या पाठीला उपचारांची गरज होती. मग ऑगस्टमध्ये समरस्लॅम या कार्यक्रमात खरा अंडरटेकर विरुद्ध खोटा अंडरटेकर असा सामनाच लावला गेला. खोट्याच्या वेशात ब्रायन ली होता. आपल्याकडे यातलं अर्धंच पोचलं आणि उरलेलं गल्लीतल्या पोरांनी भरून काढलं.

आता बदलाकडे येऊ. नोव्हेंबर 1990 मध्ये तो आला तेव्हा वेश होता जुन्या अमेरिकेतल्या अंत्यविधी करणाऱ्याचा: रुंद काठाची टोपी, लांब कोट, राखाडी हातमोजे. पण लोक घाबरले ते त्याच्या हालचालींना. मार लागल्याचं दाखवायचं नाही, पडलं तर ताडकन उठून बसायचं, चालायचं सावकाश. अडचणही त्यातच होती. ज्याला काही लागतच नाही त्याच्याशी रंगतदार लढत होत नाही, आणि जो बोलतच नाही त्याच्याबरोबर भांडण फार काळ चालवता येत नाही. दहा वर्षांत या साच्यातून निघण्यासारखं सगळं काढून झालं होतं. शेवटी 1998-99 च्या 'मिनिस्ट्री' या त्याच्या टोळीच्या कथेत तर थेट सैतानपूजेपर्यंत मजल गेली. त्याच्यापुढे जायला जागाच उरली नाही.

1999 च्या शरदात दुखापतीमुळे तो बाहेर गेला आणि मे 2000 मध्ये मोटारसायकलवरून परतला. डोक्याला रुमाल, जीन्स, काळा चष्मा आणि साध्या माणसाची शिवराळ भाषा. 'टूमस्टोन' हा त्याचा जुना शेवटचा घाव मागे पडला, शेवटचा घाव म्हणून 'लास्ट राइड' हा उंचावरून आपटणारा पॉवरबॉम्ब आला. आता त्याला दुखू शकत होतं, तो चिडू शकत होता, हरू शकत होता. पण प्रतिस्पर्ध्याचा हात धरून दोरीवरून चालत येण्याची जुनी चाल त्याने सोडली नाही. बदलात एक धागा जुना राहिला की लोक माणूस ओळखतात.

मार्च 2004 मध्ये रेसलमेनिया 20 ला, म्हणजे कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, टोपी, कोट आणि घंटेचा टोल परत आले. मात्र कोटाच्या आत आलेला माणूस 1990 चा नव्हता. मारामारी दुचाकीस्वाराची होती, हातात मिश्र मार्शल आर्टचे छोटे मोजे होते आणि पुढे 2008 मध्ये 'हेल्स गेट' हा गळ्याचा पेचही आला. दोन सोंगांतलं उपयोगी तेवढं एकत्र केलेलं हे तिसरं सोंग होतं. आमच्या मते त्याची सर्वोत्तम वर्षं हीच.

प्रश्न: नायकाचा खलनायक करताना नेमकं काय काय करावं लागतं? नुसता मित्राला दगा दिला की काम होतं का? (नाशिकच्या एक वाचक)

उत्तर: दगा हा शेवटचा भाग. खरं काम आधीच्या कित्येक महिन्यांत होतं.

हल्क होगनचं उदाहरण घ्या. 1984 पासून लाल-पिवळ्या कपड्यांतला, मुलांना जीवनसत्त्वं खायला सांगणारा हा नायक 1994 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, तोवर प्रौढ प्रेक्षकांना त्याचा कंटाळा येऊ लागला होता आणि टाळ्यांत हुर्यो मिसळत होती. ती दाबण्याऐवजी वापरायचं ठरलं. 7 जुलै 1996, डेटोना बीच. दुसऱ्या कंपनीतून येऊन धुमाकूळ घालणाऱ्या दोघांचा (स्कॉट हॉल आणि केविन नॅश) 'तिसरा माणूस' कोण, हे गूढ बरेच दिवस ताणलेलं. होगन वाचवायला धावत आला आणि त्याने रँडी सॅव्हेजवरच पाय टाकला. लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला. नंतर लाल-पिवळ्याच्या जागी काळा-पांढरा आला, दाढी काळी झाली, नावाआधी 'हॉलिवूड' लागलं. क्रम पाहा: आधी कृत्य, मग बोलणं, मग कपडे. उलट क्रमाने केलं असतं तर घाव पडण्याआधीच गुपित फुटलं असतं.

याच्या उलट स्टीव्ह ऑस्टिन. 1 एप्रिल 2001 ला रेसलमेनिया एक्स-सेव्हनमध्ये त्याने आपला कट्टर वैरी, मालक व्हिन्स मॅकमॅहन याच्याशी हात मिळवला आणि द रॉकला खुर्चीने बदडलं. कागदावर धक्का जबरदस्त होता. पण जागा कोणती? ह्यूस्टन, टेक्सास, म्हणजे ऑस्टिनचं स्वतःचं राज्य. प्रेक्षक टाळ्या वाजवत राहिले. शिवाय लोकांना त्याचा कंटाळा आलाच नव्हता, त्यांना तो तसाच हवा होता. हा निर्णय चुकला असं खुद्द ऑस्टिनने पुढे मुलाखतींत म्हटलं आहे.

सर्वांत कठीण प्रकार म्हणजे एकाच सामन्यात दोघांची अदलाबदल. 23 मार्च 1997 ला ब्रेट हार्ट नायक म्हणून उतरला आणि ऑस्टिन खलनायक म्हणून. ऑस्टिन रक्तबंबाळ झाला, शार्पशूटरच्या पेचात बेशुद्ध पडला, पण हार मानली नाही. ब्रेटने सामना संपल्यावरही मार चालू ठेवला. भाषणाची गरजच पडली नाही. एकाने सहन केलं, दुसऱ्याने थांबायला नकार दिला, आणि प्रेक्षकांनी बाजू बदलली.

प्रश्न: रोमन रेन्सला आधी सगळे हुर्यो करायचे, मग तोच सर्वांत मोठा कसा झाला? (ठाण्याचे एक वाचक)

उत्तर: 2014 पासून कंपनी त्याला नायक म्हणून लादत होती आणि लोक तितक्याच हट्टाने नाकारत होते. ऑगस्ट 2020 मध्ये तो पॉल हेमन या मॅनेजरला बरोबर घेऊन खलनायक म्हणून परतला. तेव्हा महामारीमुळे स्टेडियममध्ये प्रेक्षकच नव्हते, भिंतींवर फक्त व्हिडिओचे पडदे होते. हा फायदा कमी लेखला जातो. नवं पात्र बसायला काही महिने लागतात, आणि त्या महिन्यांत जुन्या सवयीने ओरडणारं कोणी समोर नव्हतं. त्याने काळं जाकीट काढलं, चाल मंदावली, सामना चालू असताना प्रतिस्पर्ध्याशी आणि स्वतःच्या भावांशी बोलायला सुरुवात केली. रिकाम्या सभागृहात ते बोलणं माइकवर स्पष्ट ऐकू यायचं. युनिव्हर्सल किताब त्याच्याकडे 1316 दिवस राहिला, एप्रिल 2024 पर्यंत.

प्रश्न: ख्रिस जेरिको इतक्या वेळा बदलला, तरी प्रत्येक वेळी खरा कसा वाटतो? (पुण्याचे एक वाचक)

उत्तर: कारण तो लोकांना आवडणारी गोष्टच आधी काढून टाकतो. बहुतेक रेसलर टाळ्या देणारं वाक्य मरेपर्यंत धरून ठेवतात.

ऑगस्ट 1999 मध्ये पडद्यावरची उलटमोजणी संपली आणि तो प्रकटला: लांब केस, आतषबाजी, अखंड बडबड. 2008 मध्ये खलनायक होताना यातलं जवळजवळ सगळं गेलं. घोषवाक्यं बंद. लांब विजारीच्या जागी आखूड चड्डी, रिंगबाहेर सूट आणि टाय. आवाज चढवायचा नाही, वाक्य सावकाश पुरं करायचं, प्रेक्षकांना ढोंगी म्हणायचं. जुन्या पिढीतला विजेता निक बॉकविंकल याचा नमुना त्याच्यासमोर होता. तोही सूट घालून जड शब्दांत बोलणारा. जूनमध्ये त्याने शॉन मायकल्सचं तोंड टीव्हीच्या पडद्यावर आपटलं तेव्हा हा बदल लोकांच्या गळी पुरता उतरला.

2012 मध्ये दिव्यांनी चमकणारं जाकीट घालून तो परतला आणि काही आठवडे फक्त हसत, हात हलवत राहिला, एक शब्द बोलला नाही. बोलण्यासाठीच ओळखला जाणारा माणूस गप्प बसल्यावर लोक खरंच वैतागले. 2016 मध्ये क्लिपबोर्डवरचा एक कागद, म्हणजे 'जेरिकोची यादी', एवढ्या सामानावर त्याने कित्येक महिने काढले. जानेवारी 2018 मध्ये टोकियो डोममध्ये केनी ओमेगाशी लढताना विनोद बाजूला ठेवला. 2019 मध्ये एईडब्ल्यू या नव्या कंपनीचा पहिला विजेता झाला तो पुन्हा वेगळ्याच थाटात. पाय पकडून पाठ वाकवण्याचा त्याचा पेच मात्र पहिल्यापासून आजवर टिकला आहे.

प्रश्न: आपला खली इतका भयंकर होता, मग त्याला नाचवत का सुटले? (औरंगाबादचे एक वाचक)

उत्तर: राक्षसाचं भांडवल मोजकं असतं आणि प्रत्येक पराभवात ते कमी होतं. एप्रिल 2006 मध्ये त्याने अंडरटेकरला झोपवलं आणि पुढच्या महिन्यात छातीवर पाय ठेवून हरवलं. 2007 मध्ये जॉन सीनाने त्याला पेचात पकडून हार मानायला लावली, त्याच दिवशी भीती संपली. त्याच वर्षी जागतिक किताब मिळाला, पण भीती परत आली नाही. गुडघे साथ देत नव्हते, त्यामुळे लढतीचा वेग वाढवून नवं पात्र उभं करणं शक्य नव्हतं. उरला विनोद. 'पंजाबी प्लेबॉय' आणि प्रेक्षकांतल्या बाईचं चुंबन घ्यायला लावणारा तो 'किस कॅम' आपल्याला खटकतो, पण त्यामुळे त्याची नोकरी बरीच वर्षं टिकली.

प्रश्न: ब्रे वायटचा 'फीन्ड' इतका गाजला, मग घसरला कशामुळे? (कोल्हापूरचे एक वाचक)

उत्तर: पात्रात खोट नव्हती, नियमात होती. 2019 मध्ये मुलांच्या कार्यक्रमासारखं 'फायरफ्लाय फन हाउस' आणि त्यामागे मुखवट्यातला फीन्ड ही जोडी अफलातून होती. पण त्याला काहीच होत नाही असं ठरवल्यावर त्याला किताबाच्या लढतीत कसं हरवणार? ऑक्टोबर 2019 मध्ये हेल इन अ सेलला सेथ रोलिन्सने त्याच्यावर घावांमागून घाव घातले, तरी तो पडेना. शेवटी पंचाने सामनाच थांबवला. पिंजऱ्यातला सामना पंच थांबवतो? प्रेक्षक भडकले. शिवाय त्याच्या सामन्यांत पूर्णवेळ लाल दिवे असत. प्रवेशाला ते छान दिसतात, पंधरा मिनिटं पाहिले की डोळे शिणतात आणि पेच नीट कळत नाहीत. 1990 च्या अंडरटेकरची अडचण इथे पुन्हा आली, फक्त या वेळी पहिल्या वर्षातच.

प्रश्न: कंपनी सोडली की नाव का जातं? (मुंबईच्या एक वाचक)

उत्तर: बहुतेक वेळा ट्रेडमार्क कंपनीचा असतो. म्हणून डीन अँब्रोज मे 2019 मध्ये एईडब्ल्यूत जॉन मॉक्सली या आपल्या जुन्या नावाने आला, आणि डडली बॉइज बाहेर 'टीम थ्रीडी' झाले. कोडी ऱ्होड्सला तर वडिलांच्या कुस्तीतल्या आडनावाशिवाय काही वर्षं नुसतं 'कोडी' म्हणून लढावं लागलं. सक्तीचा बदल कधी कधी फायद्याचा ठरतो.

प्रश्न: जालंधरला खलीच्या अकादमीत शिकून आता छोट्या कार्यक्रमांत लढतो. 'देशभक्त जवान' हे पात्र लोक आता ऐकूनही घेत नाहीत. काय करू? (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर: आधी आपले तीन सामने फोनवर चित्रित करून घ्या, पण कॅमेरा रिंगकडे नको, प्रेक्षकांकडे हवा. लोक कंटाळून मोबाइल कोणत्या क्षणी काढतात ते दिसेल. प्रवेशालाच काढत असतील तर पात्र शिळं आहे. सामन्याच्या मध्यात काढत असतील तर पात्राला दोष देऊ नका, तुमची लढत लांबते आहे.

पात्रच बदलायचं ठरलं तर आयोजकाला सांगून एक सामना स्पष्टपणे हरा आणि सहा ते आठ आठवडे दिसू नका. इन्स्टाग्रामवरही नाही. नवी दाढी आधीच फोटोत दिसली की परतण्यात काही उरत नाही.

खलनायक होणार असाल तर उड्या बंद करा. दोरीवरून मारलेल्या सुंदर उडीला टाळ्या पडतातच, मग वेश कितीही काळा असो. पाच-सहा चाली ठेवा, त्यांतली एक जुनी. पहिला सामना सहा-सात मिनिटांचा पुरे. भाषण दीड मिनिटाच्या आत: माझ्यावर काय अन्याय झाला, कोणी केला, मी त्याचं काय करणार. ओरडू नका. छोट्या हॉलमधले स्पीकर ओरडणं फाडून टाकतात, शब्द पोचत नाहीत. प्रवेशाचं संगीतही असं निवडा की पहिल्या पाच सेकंदांत ओळखू येईल. हळूहळू चढणारी सुरावट टीव्हीवर ठीक, मंडपात लोकांना वाटतं सीडी अडकली.

मुखवटा शिवून घेतलात तर तो घालून आधी दहा मिनिटं दोरीउड्या (स्किपिंग) मारा आणि मग कोलांट्या घ्या. घामाने कापड नाकाला चिकटतं आणि बाजूचं दिसत नाही, अशा वेळी प्रतिस्पर्ध्याला उचललं तर मान त्याची जाते. चेहरा रंगवणार असाल तर तेलकट रंग टाळा, वर पावडर दाबा, आणि भुवयांच्या खाली, डोळ्यांलगत, रंग नेऊ नका. तो डोळ्यात उतरतो.

निवेदक आणि पंच दोघांनाही नवं नाव आधी म्हणून दाखवायला सांगा. आणि नव्या पात्राचे टी-शर्ट पहिल्या खेपेस पंचवीसच छापा. जुने 'जवान'चे उरलेले असतील तर ते त्या विक्रीच्या टेबलावर ठेवू नका.