गर्भाची फुप्फुसं घडताना मायक्रोआरएनएचं काम काय असतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: सगळं जनुकांत लिहिलेलंच असेल तर गर्भाच्या फुप्फुसांना मायक्रोआरएनए (प्रथिनं किती बनावीत यावर लगाम ठेवणारे आरएनएचे छोटे तुकडे) कशाला लागतात, आणि मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला ते टोचता येतील का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: आज तरी नाही. लवकर प्रसूती होण्याची चिन्हं दिसली की बाळाची फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, ती खात्रीची वाट आहे.

आता पहिला प्रश्न. पीएचडीच्या काळात मी उंदराच्या गर्भाची फुप्फुसं बशीत वाढवायचो. साधारण बाराव्या दिवसाचा गर्भ, फुप्फुस तिळाहूनही लहान. ते पातळ पडद्यावर ठेवायचं, खाली पोषक द्रव. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर श्वासाच्या नळीच्या टोकाची कालची गोल कळी चपटी होऊन मधोमध खाच पडलेली, एकीच्या दोन झालेल्या. शिवाय या नळ्या मधूनच आपसूक आकसतात, हवेशी गाठ पडायच्या कितीतरी आधी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझाच धक्का लागला बशीला.

कळीभोवतीच्या पेशी एफजीएफ१० नावाचं प्रथिन सोडतात आणि कळी त्याच्या रोखाने वाढते. म्हणजे ते प्रथिन नुसतं असून भागत नाही. कुठे, किती आणि कधीपर्यंत, यावर फांदी कुठे फुटणार ते ठरतं. मायक्रोआरएनए कामाला येतात ते इथे. जेमतेम २२ अक्षरांचे हे तुकडे स्वतः प्रथिन बनवत नाहीत. ते मेसेंजर आरएनएला, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं हा जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूला, चिकटतात आणि त्यापासून बनणारं प्रथिन कमी करतात. गॅस बंद करत नाहीत, आच उतरवतात म्हणा.

ही आच कुणी सांभाळलीच नाही तर? २००६ साली उंदरांच्या फुप्फुसाच्या आतल्या अस्तरातून डायसर काढून पाहिलं गेलं. मायक्रोआरएनए कापून तयार करणारं हे एन्झाइम. अस्तर वाढत राहिलं, पण फांद्या फुटेनात. झाडाच्या जागी मोजक्या फुगलेल्या पिशव्या. गंमत म्हणजे डायसर काढलं अस्तरातून आणि एफजीएफ१० वाढलं बाहेरच्या पेशींत. खत वाढलं आणि झाड खुंटलं! अर्थात डायसर गेलं की जवळपास सगळेच मायक्रोआरएनए जातात, त्यामुळे गुन्हेगार कोण ते या प्रयोगातून कळत नाही.

एक संशयित मात्र पुढे नीट सापडला: १७-९२ नावाचा सहा मायक्रोआरएनएंचा गट. २००७ मध्ये उंदरांच्या फुप्फुसाच्या अस्तरात तो मुद्दाम वाढवला, तर पेशी नुसत्या विभागत राहिल्या, पक्व होईनात. २००८ मध्ये तोच गट काढून टाकला, तर पिल्लं खुरटी फुप्फुसं आणि हृदयाच्या पडद्यात छिद्र घेऊन जन्मली आणि लगेच मेली. जास्त झालं तरी पंचाईत, कमी झालं तरी पंचाईत.

शेवटच्या महिन्यांतलं काम वेगळं. वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या अस्तरातल्या टाइप-२ पेशी सर्फॅक्टंट नावाचा निसरडा लेप बनवू लागतात. त्या पक्व होताना मिर-२०० कुटुंबातले मायक्रोआरएनए वाढतात आणि झेब१ सारख्या प्रथिनांना दाबतात. झेब१ स्वतः सर्फॅक्टंटच्या तयारीत खोडा घालणारं. खोडा काढला की काम सुरू. मला हा भाग सगळ्यात देखणा वाटतो.

मग टोचत का नाहीत? एकच मायक्रोआरएनए शेकडो मेसेंजर आरएनएंना हात लावू शकतो, आणि वर सांगितलेला १७-९२ गट काही लिम्फोमांमध्येही (एक प्रकारचे रक्तपेशींचे कर्करोग) वाढलेला सापडतो. बाळाच्या अंगात असं काही सोडायचं तर नेमक्या पेशीत, नेमक्या आठवड्यात, नेमक्या मात्रेत जायला हवं. माझी आशा उलट बाजूला आहे, देण्यापेक्षा अडवण्यात. २०१७ साली जादा ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या नवजात उंदरांत मिर-३४ए वाढलेला दिसला, आणि तो अडवल्यावर फुप्फुसांची इजा कमी झाली. पण ते उंदीर होते, आणि जन्मलेले.