आत्याआजीचं ताट

प्रिय पोरी,

शालोम.

तुझं पत्र पोचलं. त्याच्या दोन दिवस आधी दिमोनाहून तुझ्या आत्याआजीचा फोन येऊन गेला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात तिची बाजू डोकावली तर तुला नवल वाटायला नको. ती रागावलेली नव्हती. इकडचं तिकडचं बोलली, गुडघ्यांचं सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "आमची भांडी बाटलेली आहेत का गं?"

तू पिशवीतून कागदी ताटली काढलीस, तिच्या हातचं जेवलीस, आवडीने जेवलीस, हे सगळं तिने सांगितलं. पण ती ताटली काही तिच्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता तुझा प्रश्न. आत्याआजीची स्टीलची भांडी मुंबईहून आलेली, कधी मिक्वेत, म्हणजे विधीच्या पाण्याच्या हौदात, बुडवलेली नाहीत. मग तिच्या घरी जेवायचं की नाही? आणि पुढच्या महिन्यात ठाण्याला गेलीस की आईच्या घरी, शेजारी काकूंच्या घरी काय करायचं? मी काही रब्बी, म्हणजे धर्मपंडित, नाही. तुझ्या रब्बींना विचार, विचारायलाच हवं. पण इथे इस्राएलमध्ये, अश्दोदच्या एका मिक्वेत भांड्यांच्या हौदाची किल्ली मी अकरा वर्षं सांभाळली आहे, आणि त्या अकरा वर्षांत भांड्यांपेक्षा माणसंच जास्त पाहिली.

सुरुवात कुठून झाली ते तुला मिद्राशात, तुझ्या धर्मशाळेच्या वर्गात, शिकवलं असेलच. तोराच्या चौथ्या पुस्तकात, बमिदबारच्या 31 व्या अध्यायात, मिद्यानशी लढाई होते, लूट येते, आणि एलाझार कोहेन सहा धातू मोजून सांगतो: सोनं, रुपं, तांबं, लोखंड, कथील, शिसं. जे आगीतून जाणारं आहे ते आगीतून काढा, आणि पाण्यातूनही काढा. तालमूदने त्यातून ठरवलं की बिगरयहुद्याकडून आपल्या मालकीचं झालेलं जेवणाचं भांडं 40 सआ (जुनं माप) पाण्याच्या मिक्वेत बुडवायचं. काच पुढे रब्बींनी त्यात घातली, कारण फुटली तरी वितळवून पुन्हा घडवता येते, धातूसारखीच. लाकूड आणि साधी माती यातून सुटली.

इथे एक गोष्ट नीट बघ. भांडं नवं कोरं असतं, दुकानातून आणलेलं, कुणाचा घास त्याला लागलेला नसतो. तरी बुडवायचं. म्हणजे धुण्याशी याचा संबंध नाही, आत काय शिजलं होतं त्याच्याशीही नाही. वापरलेलं भांडं असेल तर उकळत्या पाण्याने कोशर, म्हणजे आपल्या खाण्याच्या नियमांत बसणारं, करणं वेगळं, ते आधी, आणि मग हे. बुडवणं म्हणजे भांडं एका घरातून दुसऱ्या घरात आलं याची खूण. एखादी मुलगी लग्न होऊन येते आणि माप ओलांडते ना, मला तरी ते तसंच वाटतं. तुझे रब्बी हसतील या उपमेला, हसू देत.

आणि आता ज्यावरून माझी खात्री पटली ते सांगते. शुल्हान आरूख या आपल्या नियमांच्या ग्रंथात, योरे देआ भागाच्या 120 व्या प्रकरणात, स्पष्ट लिहिलंय की बिगरयहुद्याकडून उसनं आणलेलं किंवा भाड्याने घेतलेलं भांडं बुडवायची गरजच नाही. वापरा आणि परत करा. म्हणजे ठाण्याच्या काकूंनी तुला त्यांच्या काचेच्या पेल्यात सरबत दिलं, तर तेविलाचा, म्हणजे बुडवण्याचा, प्रश्नच उठत नाही. तिथे प्रश्न वेगळे, काय शिजलं, कोणी शिजवलं, ते तुला ठाऊक आहेत. पण पेल्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो तुझ्या सख्ख्या आत्याआजीच्या पेल्याचा, कारण ती आपली आहे म्हणूनच तिच्यावर ही मिझ्वा, ही धर्माज्ञा, आहे. हे जर बाटण्याचं प्रकरण असतं तर उलटं असायला नको होतं का?

बाटणं हा शब्द आपण बेने इस्राएलांनी, कोकणातल्या यहुद्यांनी, तिथूनच आणला, पोरी. नवगाव, रेवदंडा, पेण, अलिबाग इथे शेकडो वर्षं राहिलो, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली झालो, आणि शेजाऱ्यांचं बरंच काही घेतलं, त्यात हेही घेतलं. आपल्यातच गोरे आणि काळे होते हे तुला घरी कुणी सांगितलं नसेल. ज्यांचे आईबाप दोघंही बेने इस्राएल ते गोरे, ज्यांच्या घराण्यात आई बाहेरची ते काळे. मशीद (आपलं प्रार्थनाघर, सिनेगॉग) एक, देव एक, पण भांडी वेगळी. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात फळीच्या टोकाला एक पितळी पेला उपडा असायचा. मी एकदा त्यातून पाणी प्यायले तर आजीने माझ्या हातातून तो काढून घेतला. काही बोलली नाही. पेसाहच्या सणाआधी सगळी पितळेची भांडी कल्हईला जायची, तो पेलाही जायचा, पण वेगळ्या फडक्यात बांधून. तो पेला कोणासाठी होता हे मला कळलं तेव्हा मी इस्राएलमध्ये आले होते आणि आजी नव्हती.

म्हणून तुझ्या कागदी ताटलीचं ऐकलं आणि मला ती फळी आठवली. तुझ्या मनात तसं काही नव्हतं हे मला माहीत आहे. पण आत्याआजीच्या डोळ्यांसमोर कोणती फळी आली असेल?

तिच्या बाबतीत आणखी एक आहे. 1962 मध्ये इथल्या रब्बींच्या मुख्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांचं कूळ तपासा. दोन वर्षं आपली माणसं भांडली, जेरुसलेमला धरणं धरून बसली, आणि 1964 मध्ये क्नेसेटने, इथल्या संसदेने, सांगितलं की हे सर्वार्थाने यहुदी आहेत. आत्याआजी तेव्हा परकर-पोलक्यातली पोर, वडिलांचं बोट धरून तिथे होती. गंमत बघ, आपल्यात सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचे बाहेरचे यहुदी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपण कोण हे पडताळायला बायकांपुढे मासळी ठेवली, आणि बायकांनी खवल्यांची आणि परांची तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. रहाबींना तेवढं पुरलं. त्या बायकांची नात आज सत्तरीत आहे, मटणाच्या रश्श्यात आजही नारळाचंच दूध घालते, आणि तिच्या ताटाखाली आपण कागद घालायचा?

बरं, आता रागवायचं झालं, कामाचं बोलते.

न बुडवलेल्या भांड्यात शिजलेलं अन्न त्यामुळे निषिद्ध होत नाही. रब्बी मोशे इसर्लिस यांनी त्याच 120 व्या प्रकरणावरच्या टिपेत तसं लिहिलंय. तिच्या पातेल्याकडे बघत बसू नकोस, रस्सा कोशर आहे. उरतं ते तू स्वतः वापरतेस ते ताट आणि पेला. भाकरीसारखा कोरडा पदार्थ हातात घेऊन खाता येतो, ताट खाली असलं तरी तू ताट वापरतेस असं धरत नाहीत, असं बरेच रब्बी म्हणतात. रश्श्याला वाटी लागते. तर तिच्याकडे प्लास्टिकच्या वाट्या आहेत, फुलांच्या नक्षीच्या, मी पाहिल्यात. प्लास्टिकला बुडवणं लागत नाही असंच बहुतेक धरतात. "आजी, मला ती फुलाफुलांची वाटी दे," एवढंच म्हणायचं. ती खूश होऊन देईल, आणि तिला पत्ताही लागणार नाही.

ठाण्याला आईला सांग, मला केळीच्या पानावर वाढ. पानाला ना मिक्वे, ना बुडवतानाची बराखा, म्हणजे प्रार्थना. आणि पानावर जेवण वाढणं हा आपल्याकडे पाहुण्याचा मान आहे. कागदी ताटली आणि केळीचं पान, कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, पण एकाने आई कष्टी होईल आणि दुसऱ्याने पान आणायला स्वतः बाजारात जाईल.

आईची भांडी तिची हौस असेल तर एखाद्या रविवारी अलिबागला घेऊन जा. समुद्र हा मिक्वेच आहे, नैसर्गिक पाणी, सगळ्यात जुना. भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत लोक चालत जातात, तिथे पातेलं बुडायला पाणी कुठलं? पावसाळ्यात फुगलेल्या नदीत मात्र नको. वाहतं पावसाचं पाणी चालत नाही, त्यावर मोठी चर्चा आहे. छोटी भांडी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत सैल भर, नाहीतर चमचे शोधायला कोळी बोलवावे लागतील. आपले पूर्वज नवगावला बुडत बुडत किनाऱ्याला लागले होते, चमचे लागतीलच असं नाही.

बुडवण्याआधी किमतीचं लेबल काढ. कागद निघतो, गोंद राहतो, आणि तोच अडथळा. खोबरेल तेल लावून रात्रभर ठेव, सकाळी अंगठ्याने घासलंस की गोळी होऊन निघतो. भांड्यावर घातलेल्या नावाची काळजी करू नकोस, ते कोरलेलं आहे, धातूच आहे. हात आधी पाण्यात ओला कर, मग भांडं सैल धर, म्हणजे बोटांखालीही पाणी जाईल. तांब्या उपडा घालू नकोस. उपड्या तांब्याच्या पोटात हवा अडकते, बाहेरून बुडालेला दिसतो आणि आतून कोरडाच. आडवा धर, गुडगुड आवाज थांबेपर्यंत, मग पूर्ण खाली ने. आमच्या हौदावर पेसाहच्या आधी रांग लागायची, पोरं ओरडत यायची, "मी बुडवलं, मी बुडवलं!" लहान मुलाने बुडवलेलं चालतं, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर नाही, मोठं कुणी बघत उभं हवं. अकरा वर्षं मी तेच केलं, बघत उभी राहिले.

आत्याआजीसाठी भांडी भेट न्यायचा विचार लिहिला आहेस. ने, पण आधी बुडवून नेऊ नकोस. भांडं तिच्या मालकीचं झाल्यावर बुडवायचं, आधी बुडवलेलं बरेच जण धरत नाहीत. शिवाय बुडवून नेलंस तर तिला काय वाटेल ते मी आता पुन्हा लिहीत नाही. तसंच दे, वेष्टनासकट. मग म्हण, आजी, चल, दोघी जाऊन येऊ. दिमोनाचा हौद तिच्या घरापासून दोन बसथांब्यांवर आहे. तिची जुनी भांडी ती स्वतः काढते का बघ. तू मागू नकोस.

गुरुवारी मीही येते. माझ्याकडे आईची दोन पातेली आहेत, तिचं नाव घातलेली, मुंबईहून भाचीने धाडली. सहा महिने पडून आहेत. किल्ली माझ्याकडे होती तेव्हा रोज हौदाशी उभी होते, आणि आता स्वतःची पातेली न्यायला सवड होत नाही. डबा मी आणते, मलिदा करून. आत्याआजीला सांग, वाट्या तिने आणायच्या, त्याच फुलांच्या.

तुझी,
अश्दोदची मावशी