शेततळ्यात पाणी नेमकं किती?

प्रश्न : केळीसाठी शेततळं केलंय. वर ३० बाय ३० मीटर, तळाशी २१ बाय २१, खोली ३. गुणाकार केला तर २७ लाख लिटर येतात. बरोबर ना?
– एक वाचक, रावेर

उत्तर : नाही भाऊ, बाजू उतरत्या आहेत. वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ४४१, शिवाय ३० गुणिले २१ म्हणजे ६३०. बेरीज १९७१. तिला खोलीने गुणून ३ ने भागा : १९७१ घनमीटर, म्हणजे १९.७१ लाख लिटर.

खोली ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) खाली सोडून उभीच मोजा. उतारावर टेप टाकला तर ५.४ मीटर भरतो अन् सगळा हिशेब फसतो.

काठाखाली अर्धा मीटर रिकामा ठेवलात, तर पाण्याची वरची बाजू २८.५ मीटर, खोली २.५. पाणी १५.४३ लाख लिटरच! तळं वरच सर्वांत रुंद असतं, म्हणून एवढी घट. ठिबकचं नियोजन याच आकड्यावर करा.