मुलाला बॉडीगार्ड व्हायचंय, अकॅडमीचे पैसे भरू का?

ताई, पत्र वाचलं. मुलगा बारावीला, दोन वर्षं जिम चालू, आता बॉडीगार्डच होणार म्हणून हटून बसलाय, आणि कुठलीतरी अकॅडमी ६० हजारात 'कमांडो कोर्स, जॉब पक्का' सांगतेय, तर भरू का असं विचारलंय तुम्ही. नका भरू, निदान आत्ता तरी.

त्याच्या डोक्यात बाउन्सर आणि बॉडीगार्ड एकच झालेत बहुतेक. बाउन्सर दारात उभा राहून गर्दी अडवतो, तिथे दंड कामाला येतात. अंगरक्षकाचं काम म्हणजे राडा होऊच द्यायचा नाही. साहेब पोचायच्या आधी हा जाऊन बघून येणार, गाडी कुठे लागणार, मागच्या दाराला कुलूप तर नाही ना, जवळचं हॉस्पिटल कुठलं. एका सत्काराला मी पाहिलंय, स्टेजवर सगळे फोटोत दंग आणि सोबतचा पोलिस मात्र हार घेऊन येणाऱ्यांच्या हातांकडे बघतोय, कोणीतरी चहा दिला तर तो डाव्या हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला, उजवा हात मोकळाच. (चहा गार झाला बिचाऱ्याचा.) प्रतापगडावर १६५९ला जिवा महालांनी तरी काय केलं, सय्यद बंडाचा उगारलेला हात वेळेत हेरला, म्हणून तर होता जिवा म्हणून वाचला शिवा.

आता रस्ता. पंतप्रधानांच्या सुरक्षेच्या एसपीजीत किंवा ब्लॅक कॅट कमांडोंच्या एनएसजीत बारावी करून थेट भरती नसते, पोलिस आणि केंद्रीय दलांतली माणसं तिथे डेप्युटेशनवर, म्हणजे काही वर्षांच्या नेमणुकीवर, जातात. त्यामुळे आधी वर्दी. पोलिस शिपाई भरतीला मुलांना उंची १६५ सेंमी, छाती न फुगवता ७९, मग १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक आणि लेखी, ज्यात जिमवाली पोरं हमखास आपटतात. प्रायव्हेटमध्ये चांगल्या जागा बऱ्याचदा माजी फौजी नाहीतर माजी पोलिसांना मिळतात, बाकीच्यांना मॅडमच्या शॉपिंगच्या पिशव्या. शिवाय २१च्या आत शस्त्राचं लायसन्स मिळत नाही, मग त्या कोर्समधल्या पिस्तूलाच्या फोटोंचं काय करायचं? २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली एजन्सीला लायसन्स लागतं आणि केंद्राच्या नियमांत गार्डचं बेसिक ट्रेनिंग १६० तासांचं आहे, तेव्हा अकॅडमीला सरकारी मान्यतेचा कागद मागा, तोंडं बघा कशी होतात.

आणि हो, त्याला ग्राउंडवर १६०० मीटर पळवा आणि टायमिंग मला कळवा. बेंच प्रेस किती मारतो ते नको.