रुबीच्या उजेडात हरवलेली रेषा

प्रश्न : गॅलियम आर्सेनाइडच्या 8 नॅनोमीटर रुंद क्वांटम वेलचा (इलेक्ट्रॉन अडकवणारा पातळ थर; भिंती अ‍ॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या, अ‍ॅल्युमिनियम 30 टक्के) फोटोल्युमिनेसन्स (लेझर पडल्यावर निघणारा उजेड) डायमंड अ‍ॅन्व्हिल सेलमध्ये (दोन हिऱ्यांमध्ये नमुना दाबणारे उपकरण) खोलीच्या तापमानाला मोजते आहे. 3 गिगापास्कलजवळ रेषा दिसेनाशी होते. सेल गळतोय का?
– एक वाचक, पाषाण, पुणे

उत्तर : सेल गळत असता तर रुबीची (दाब मोजायला आत ठेवलेल्या माणिकाच्या कणाची) रेषा 694.2 नॅनोमीटरकडे परत सरकली असती. ती 695.3 ला टिकून असेल तर दाब शाबूत आहे. 1 नॅनोमीटर सरकणे म्हणजे सुमारे 2.74 गिगापास्कल.

आता जरा गणित करा. तुमची रेषा साध्या दाबाला 1.47 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असणार. दर गिगापास्कलला ती साधारण 0.1 ने चढते, म्हणजे 3 ला 1.78 च्या घरात. रुबीही नेमकी तिथेच चमकते (695 नॅनोमीटर म्हणजेच 1.78 इलेक्ट्रॉनव्होल्ट)! तुमची रुंद, फिकी रेषा त्या झगमगाटात बुडाली आहे, इतकेच. रुबीचा कण 5 ते 10 मायक्रॉनचाच घ्या, नमुन्यापासून लांब, गॅस्केटच्या (हिऱ्यांमधल्या भोक पाडलेल्या धातूच्या पत्र्याच्या) कडेला ठेवा आणि लेझरचा ठिपका नमुन्यावरच आणा. मग दाब 3.3 पर्यंत न्या : रेषा 683 नॅनोमीटरच्या आसपास पुन्हा वर आली पाहिजे.

त्याच्याही पुढे, 4 च्या आत, ती खरोखरच विझेल. गॅमा आणि एक्स या इलेक्ट्रॉनच्या वेगवेगळ्या संवेगांच्या ऊर्जापातळ्या. वेलमधली गॅमा पातळी चढत जाते, भिंतीतली एक्स पातळी मात्र किंचित उतरते; गॅमा एक्सच्या वर गेली की इलेक्ट्रॉन भिंतीत जातात, होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) वेलमध्येच राहतात. दोघांची गाठ क्वचित पडते, शिवाय संवेगही जुळत नाही. उरलेली क्षीण रेषा दाबाबरोबर हळूहळू खाली सरकते, पण ती पाहायला नमुना द्रव हेलियमच्या तापमानाजवळ थंड करावा लागतो. दाब उतरवल्यावर जुनी रेषा परतली, तर नमुना धड आहे.

पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आणखी एक घोळ होतो. नमुन्यावर दाब सगळीकडून सारखा पोचवणारे मेथॅनॉल-इथेनॉलचे 4:1 मिश्रण सेल बंद करेपर्यंत उडते, आत बुडबुडा राहतो आणि दाब वाढवताना गॅस्केटचे भोक आक्रसत जाते. मिश्रण आणि सिरिंज आधी गार करून ठेवा. खोली 10 अंशांनी तापली तर रुबी 0.07 नॅनोमीटरने सरकते, म्हणजे 0.2 गिगापास्कलची खोटी भर. एसी बंद असताना घेतलेली मापे वेगळी ठेवलेली बरी.