इम्प्लांटपूर्वी हाडावर टाकलेला पडदा विरघळूनच जाणार असेल, तर त्याचा उपयोग काय?

आपण लिहिले आहे की वरूडजवळ आपली संत्र्याची बाग आहे, खालची दाढ काढून दोन वर्षे झाली आहेत आणि इम्प्लांटसाठी, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायच्या स्क्रूसाठी, हाड कमी पडत असल्याने हाडाचा चुरा भरून त्यावर ‘विरघळणारा पडदा’ टाकावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. विरघळणाऱ्या वस्तूचे पैसे कशासाठी द्यायचे, ती कोणत्या जनावरापासून बनते आणि नंतर पुन्हा चिरफाड होते का, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी अमरावती जिल्ह्यातच, एका तालुक्याच्या गावी, हिरड्यांचे आणि इम्प्लांटचे काम करतो; यांपैकी पहिला प्रश्न मला नेहमीच विचारला जातो.

दाढ काढल्यावर तेथील हाड झिजते आणि गालाकडची बाजू अधिक खचते. त्या खळग्यात चुरा भरून वरून नुसती हिरडी शिवली, तर हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा कितीतरी वेगाने वाढत असल्यामुळे, पेरलेले उगवण्याआधी गवताने वावर धरावे तशी ती जागा त्याच बळकावतात. त्यांना काही काळ बाहेर अडवून धरणे, एवढेच पडद्याचे काम आहे. 1988 मध्ये स्वीडनमधील डॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्याला दोन्हीकडे आरपार छिद्रे पाडून एकाच बाजूस टेफ्लॉनचा पडदा लावला, तेव्हा पडद्याखालचे छिद्र काही आठवड्यांत हाडाने भरले आणि उघड्या बाजूस मात्र मऊ ऊतीच शिरली.

टेफ्लॉनचा पडदा पुढे शस्त्रक्रिया करून काढावा लागत असे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना आपण प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळता आणि डोळा जगल्यावर ती सोडता, कारण न सोडल्यास तीच खोडात रुतते. हा पडदा त्या पट्टीसारखा होता. कोलॅजनचा, म्हणजे कातडी-हाडांत असणाऱ्या प्रथिनाचा, पडदा आपला आपण जातो. तो साखरेसारखा पाण्यात विरघळत नाही. शरीरातील विकरे त्याचे धागे हळूहळू तोडतात. साधा कोलॅजन काही आठवडे ते काही महिने टिकतो आणि ज्याचे धागे रासायनिक क्रियेने एकमेकांना जखडलेले असतात, तो सहा महिन्यांपर्यंतही राहू शकतो. जास्त टिकणारा तो जास्त चांगला, असे मात्र मी मानत नाही. आपल्यासारख्या एका दाढेच्या जागेसाठी मी बहुधा साधाच वापरतो.

हातात घेतल्यावर तो पांढऱ्या जाड कागदाच्या तुकड्यासारखा दिसतो. टाक्याच्या पाकिटाचा निर्जंतुक तुकडा जागेवर धरून माप घ्यायचे आणि त्या मापाने पडदा कात्रीने कापायचा. दोन पदरांचा असल्यास खरखरीत बाजू हाडाकडे आणि गुळगुळीत बाजू हिरडीकडे ठेवतात. रक्त लागताच तो ओल्या पापडासारखा लुळा पडून हाडाला चिकटतो. स्वतः उभा राहण्याइतकी ताकद त्यात नसते, म्हणूनच त्याच्याखाली चुरा लागतो.

पडदा कोठून येतो, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. कोलॅजन बहुधा डुकराचे किंवा गाईबैलांचे असते, माशाचेही मिळते. हाडाचा चुराही पुष्कळदा गाईबैलांच्या हाडापासून बनवलेला असतो. माझ्या एका माळकरी रुग्णाने हे ऐकून खुर्चीतून उठण्याची तयारी केली होती. त्यांना कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचा चुरा आणि पॉलिलॅक्टिक आम्लापासून बनवलेला पडदा चालला. रुग्णाच्याच रक्तापासून काढलेला पीआरएफचा (रक्त गोठवणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाचा) पापुद्रा जखम भरण्यास उपयोगी पडतो, परंतु तो एक-दोन आठवड्यांतच संपत असल्यामुळे हाड भरेपर्यंतचा अडसर म्हणून मी एकट्या त्याच्यावर विसंबत नाही.

आता आपण न विचारलेली गोष्ट. आपण खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण) खात असाल, तर पडद्याच्या कंपनीपेक्षा तोच निकाल ठरवील. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, चुना ताजी जखम भाजतो आणि गोळी तर खालच्या दाढेशेजारीच गालात धरली जाते. माझ्या एका रुग्णाने चौथ्या दिवशी खर्रा पुन्हा सुरू केला. दहाव्या दिवशी तो आला तेव्हा दोन टाके सुटले होते आणि उघड्या पडलेल्या पडद्याची पिवळट, भिजल्या कणकेसारखी गत झाली होती. तोंडातील जिवाणू उघडे कोलॅजन झपाट्याने खातात. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्यांवर ठेवल्यावर हिरडी महिनाभरात आपोआप मिटली, पण हाड ठरवले होते त्यापेक्षा कमीच मिळाले. म्हणून मी आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे किमान दोन महिने खर्रा व बिडी पूर्ण बंद ठेवण्यास सांगतो, आणि जो नाही म्हणतो त्याला ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, सुचवतो.

पडदा काढण्यासाठी पुन्हा चिरफाड होत नाही. मात्र इम्प्लांट त्याच दिवशी बसवता आले नाही, तर साधारण सहा महिन्यांनी ते बसवण्यासाठी हिरडी एकदा उघडावी लागते. त्या वेळी पडद्याचा बहुधा मागमूसही नसतो. दिसतो तो चुऱ्याचे पांढरे दाणे अडकलेला हाडाचा नवा कठडा.