‘उठाव’, ‘बंड’ आणि कमी झालेले ‘वजन’

अमेरिकी दूरचित्रवाणीवरील जुन्या बातमीपत्रांना मराठी उपशीर्षके देण्याचे काम करणाऱ्या एका वाचकाने दोन शब्दांविषयी विचारणा केली आहे. त्यांच्यासमोरची चित्रणे १९७९च्या इराणची आणि २०११च्या ईजिप्तची आहेत. त्यांतील ‘अपरायझिंग’ला ‘उठाव’ म्हणावे, ‘बंड’ म्हणावे की ‘उद्रेक’, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा, की ‘अमेरिका तेथील इन्फ्लुअन्स गमावत आहे का’ अशा धाटणीचे जे वाक्य निवेदक वारंवार उच्चारतात, त्यात ‘प्रभाव गमावणे’ हा शब्दप्रयोग त्यांना पुस्तकी वाटतो. मग त्याऐवजी काय योजावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘उठाव’ असे एका शब्दात देता येते, पण त्यासोबत एक अट आहे. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि त्याचे कारण मराठीच्या दारिद्र्यात नसून श्रीमंतीत आहे.

‘बंड’ या शब्दात एक गृहीत दडलेले असते. ज्याच्या हुकमतीत आपण आहोत त्याच्याविरुद्ध उभे राहणे म्हणजे बंड. म्हणून पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरणारा बंडखोर ठरतो आणि विरोधी पक्षाचा उमेदवार ठरत नाही. बंड म्हटले की हुकमत गृहीत धरली जाते. तेवढ्यावरून हा शब्द तुच्छतादर्शकच आहे असे मात्र समजू नये. वरसईच्या गोडसे भटजींनी झाशीच्या राणीविषयी जिव्हाळ्याने लिहिले, तरी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनाच्या शीर्षकात १८५७च्या ‘बंडाची हकीकत’ असेच शब्द आहेत. अवघ्या दोन वर्षांनी सावरकरांच्या ग्रंथाने त्याच घटनेला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. दोन्ही शब्द एकाच घटनेचे, पण पहिल्यात सत्ता कंपनी सरकारची आहे आणि दुसऱ्यात ती मुळातच उपरी आहे. ‘उठाव’ या दोहोंच्या मध्ये उभा राहतो. बसलेले, दबलेले कोणीतरी उठले एवढेच तो सांगतो. कोणाची सत्ता न्याय्य, याविषयी तो मौन पाळतो. इंग्रजी शब्दातही उठण्याचेच चित्र असल्याने येथे दोन भाषांचे आयते जुळते.

‘उद्रेक’ मात्र मी टाळला असता. हा शब्द आपण ज्वालामुखीला आणि साथीच्या रोगाला लावतो. तेहरानच्या रस्त्यांवर १९७८च्या डिसेंबरात लाखो माणसे ठरवून, फलक घेऊन, रांगा धरून चालत होती. त्याला उद्रेक म्हटले की माणसे वजा होऊन निसर्गाचा कोप तेवढा उरतो. ‘अस्थिरता’ या शब्दाचीही अशीच पारख करावी. ३१ डिसेंबर १९७७ रोजी तेहरानमधील मेजवानीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी राजे शहा यांच्या इराणला स्थैर्याचे बेट म्हटले होते, आणि २५ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे कैरोत निदर्शने सुरू झाली त्याच दिवशी, परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी ईजिप्तचे सरकार स्थिर असल्याचे आपले अनुमान सांगितले. पहिले बेट तेरा महिन्यांत बुडाले, दुसरे अठरा दिवसांत. योगायोग असा की शहांची राजवट कोसळल्याची तारीख ११ फेब्रुवारी १९७९ आणि ईजिप्तचे अध्यक्ष मुबारक पायउतार झाल्याची तारीख ११ फेब्रुवारी २०११. या बातमीपत्रांत ‘स्थिर’ हे विशेषण राजवाड्याच्या बाजूने लावलेले असते, चौकाच्या बाजूने नव्हे, हे उपशीर्षककाराने ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता ती अट. मराठी वृत्तपत्रांत ‘कू’ (बळाने सत्ता हिसकावणे) या इंग्रजीत रूढ शब्दासाठीही ‘लष्करी उठाव’ लिहिण्याची सवय आहे, आणि ईजिप्तच्या बाबतीत ही सवय घात करते. २०११च्या जानेवारीत लोक उठले. ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष मोर्सी यांना हटवले. दोन्हींना ‘उठाव’ म्हटल्यास उपशीर्षके वाचणाऱ्याला दोन परस्परविरुद्ध घटना एकाच मालिकेतील वाटतील. लष्कराने केलेल्याला ‘सत्तापालट’ किंवा ‘लष्करी बंड’ म्हणावे आणि ‘उठाव’ लोकांसाठी राखून ठेवावा. हा काटेकोरपणा भाषेच्या शुद्धतेपुरता नाही. निवडून आलेले सरकार लष्कराने उलथवले तर त्या देशाची मदत थांबवावी असा अमेरिकी कायदा आहे आणि ईजिप्तला दरवर्षी सुमारे १३० कोटी डॉलरची लष्करी मदत मिळत होती. म्हणून वॉशिंग्टनने त्या घटनेला ‘कू’ म्हणायचे की नाही हे ठरवण्याचेच टाळले. एका नामाला इतकी रोख किंमत क्वचितच आली असेल. (जाता जाता, ‘उठाव’चा तिसरा अर्थ बाजारातला. मालाला उठाव नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही. परदेशातील कोणत्या उठावाला अमेरिकी वाहिन्यांवर उठाव मिळेल, हे तेथे आपले माणूस अडकले आहे की नाही यावर पुष्कळदा ठरते.)

त्याचे ठळक उदाहरण वाचकांच्या चित्रणांत असणारच. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी इराणी विद्यार्थ्यांनी तेहरानमधील अमेरिकी वकिलातीचा ताबा घेऊन तेथील माणसांना ओलीस धरले आणि ८ नोव्हेंबरपासून एबीसी वाहिनीने रात्री साडेअकरा वाजता रोजचा विशेष वृत्तान्त सुरू केला. पुढे मार्च १९८०मध्ये त्याचेच ‘नाइटलाइन’ झाले. त्या वृत्तान्ताच्या शीर्षकाचा मराठी अर्थ ‘इराणमधील पेचप्रसंग : अमेरिका ओलीस’ असा होतो. ओलीस राहिलेली माणसे अखेरीस ५२ होती, परंतु शीर्षकात आख्खा देश ओलीस होता. सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट बातमीपत्र संपवताना बंदिवासाचा कितवा दिवस ते सांगत, आणि ती मोजणी ४४४पर्यंत गेली. उपशीर्षकात ‘अमेरिका ओलीस’ तसेच ठेवावे, ‘अमेरिकी नागरिक ओलीस’ असे दुरुस्त करू नये. ती अतिशयोक्ती हाच त्या काळाचा पुरावा आहे.

‘ओलीस’ या शब्दाबाबत थोडे विषयांतर करतो. आपल्या इतिहासात ओलीस हा बहुधा दिलेला असे, पकडलेला नव्हे. तेहरानच्या या घटनेच्या दोनशे वर्षे आधी, जानेवारी १७७९मध्ये, वडगावच्या तहानंतर इंग्रजांनी आपली दोन माणसे मराठ्यांकडे ओलीस ठेवली. ती कराराची हमी होती, जणू माणसांच्या रूपातले तारण. तेहरानमधील माणसे कोणी तारण म्हणून दिली नव्हती. शब्द तोच राहिला, त्यातला करार गळून गेला.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. इंग्रजीचा ‘इन्फ्लुअन्स’ हा सैल अंगरखा आहे, कोणालाही बसतो. मराठीत त्याच्या जागी निदान सहा बेतीव कपडे आहेत. ज्याच्या भीतीने समोरचा आगळीक करत नाही त्याचा ‘वचक’ असतो. दूर असूनही ज्याचे नाव ऐकून लोक जपून वागतात त्याचा ‘दरारा’. थाटामाटासकट जो जाणवतो तो ‘दबदबा’. ज्याच्या सांगण्याने निर्णय इकडचा तिकडे होतो त्याचे ‘वजन’. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो त्याची ‘पत’. आणि ज्याला नाही म्हणणे जड जाते त्याची ‘भीड’. माणसाजवळ यांतले एक असून दुसरे नसू शकते; गावच्या सावकाराचा वचक असतो, पत असते, पण लग्नाच्या बैठकीत वजन मात्र शाळामास्तरांचे असते. म्हणून अनुवादकाला निवेदकापेक्षा एक प्रश्न अधिक विचारावा लागतो : नेमके काय कमी झाले?

इराणपुरते उत्तर सोपे आहे. ज्या देशाच्या वकिलातीच्या भिंतीवरून विद्यार्थी आत उतरतात, त्या देशाचा वचक संपलेला असतो, आणि त्या रात्रीच्या निवेदनांत ‘वचक उरला नाही’ हेच योग्य. पत मात्र तेव्हा गेली नव्हती. ती ऑगस्ट १९५३मध्येच, इराणचे पंतप्रधान मोसादेक यांचे सरकार अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तचरांच्या साह्याने उलथवले गेले तेव्हा गेली होती. फेब्रुवारी १९८०च्या पत्रकार परिषदेत त्याविषयी विचारले असता कार्टर यांनी तो प्राचीन इतिहास असल्याचे सांगून विषय बाजूला सारला. रोजचे बातमीपत्र वचकाची मोजदाद करत होते. जी गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वी गेली होती, तिची दिवसवार मोजणी करता येत नाही.

ईजिप्तमध्ये गणित उलटे होते. लष्करी मदत चालू असल्याने सेनापतींकडे अमेरिकेचे वजन शिल्लक होते. कैरोतील तहरीर चौकात मात्र निदर्शक अश्रुधुराची रिकामी नळकांडी कॅमेऱ्यापुढे धरून त्यांवरील ‘मेड इन यूएसए’ ही अक्षरे दाखवत होते. तेथे प्रश्न पतीचा होता. ‘अमेरिकेचा प्रभाव ओसरत आहे’ या एका वाक्यात ही दोन्ही चित्रे कोंबली तर दोन्ही पुसट होतात. २ मार्च २०११ रोजी सिनेटच्या समितीपुढे क्लिंटन यांनी अमेरिका माहितीच्या युद्धात हरत असल्याचे सांगून अल जझीरा या अरबी वृत्तवाहिनीचे उदाहरण दिले. तेथे गेलेली गोष्ट आणखी निराळी, तिला मराठीत ‘छाप’ म्हणता येईल.

राहिले ‘गमावणे’. याबाबत मी सर्वांत आग्रही आहे. १९४९मध्ये चीनमध्ये साम्यवाद्यांची सत्ता आल्यानंतर वॉशिंग्टनमध्ये ‘चीन कोणी गमावला’ असा वाद पेटला आणि तीस वर्षांनी तोच प्रश्न इराणचे नाव घालून विचारला गेला. इंग्रजीत हे वाक्य कानाला खटकत नाही. मराठीत मात्र गमावण्यासाठी वस्तू आधी आपली असावी लागते. आपण पैसा गमावतो, संधी गमावतो, शेजाऱ्याचे शेत गमावू शकत नाही. निवेदकाने किंवा पाहुण्याने ‘इराण गमावला’ असे म्हटले असेल तर ते तसेच उतरवावे, कारण त्यातील मालकीचा सूर मराठी कानाला लगेच कळतो आणि कळायलाच हवा. पण वाचकांनी विचारलेल्या वाक्यात देशाचे नाव गमावण्याचे कर्म झालेले नाही, ‘इन्फ्लुअन्स’ झाला आहे. तेथे ‘गमावणे’ सोडून ‘उरणे’ वापरावे. इराणच्या चित्रणात ‘अमेरिकेचा वचक उरला आहे का?’ आणि ईजिप्तच्या चित्रणात, प्रसंग राजवाड्याचा असेल तर ‘अमेरिकेच्या शब्दाला वजन उरले आहे का?’, चौकाचा असेल तर ‘अमेरिकेची पत उरली आहे का?’. तिन्ही वाक्ये उपशीर्षकाच्या एका ओळीत मावतात.